पाणी जास्त आहे, काय खाऊ?

आग्रही : ताई, सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बाई बाहेर आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पिशवीत पाणी जास्त सांगितलंय, आता काय खाऊ आणि काय सोडू?" तुम्ही तिला सांगता, खाण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही, नेहमीसारखं जेव. मला हे उत्तर पटत नाही. बाळाला जे मिळतं ते आईच्या रक्तातून मिळतं आणि त्या रक्तात काय असावं हे बरंचसं तिच्या जेवणावर ठरतं. सोनोग्राफीचं यंत्र तिच्या हातात नाही, औषधाची चिठ्ठी तिच्या हातात नाही. तिला स्वतःला करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे काय खायचं ते ठरवणं. ती नेमकं तेच विचारते आणि आपण म्हणतो, त्यानं काही होत नाही. दिवसातून चार वेळा ती जे करते ते निरुपयोगी आहे असं सांगून तिला घरी पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

साशंक : हा प्रश्न मीही रोज ऐकते. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो : "माझ्या खाण्यानं झालं का हे?" शेजारी सासू किंवा आई बसलेली असते आणि ती म्हणून टाकते, "सांगत होते, एवढी शहाळी पिऊ नकोस." म्हणून मी आधी पाणी येतं कुठून ते सांगते. सुरुवातीचे महिने सोडले तर पिशवीतलं बहुतेक पाणी म्हणजे बाळाची लघवी. थोडं पाणी त्याच्या फुप्फुसातून येतं. दिवस भरत आले की बाळ चोवीस तासांत पाऊण ते एक लिटर लघवी करतं आणि त्यातलं बरंचसं पाणी पुन्हा गिळतं. उरलेलं वारेवरच्या पडद्यातून बाळाच्या रक्तात शोषलं जातं. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास पिशवीत साधारण 800 मिलिलिटर पाणी असतं आणि शेवटी शेवटी ते जवळजवळ रोज नवं होतं. एका बाजूनं भरणारा आणि दुसऱ्या बाजूनं रिकामा होणारा हौद म्हण. पाणी वाढलं याचा अर्थ बहुतेक वेळा हाच, की बाळ लघवी जास्त करतंय किंवा गिळतं कमी. यात आईच्या पेल्याचा थेट संबंध कुठे आला?

आग्रही : पेल्याचा संबंध अगदीच नाही असं मात्र म्हणू नका. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाणी कमी असलेल्या बायकांना दोन लिटर पाणी प्यायला दिलं आणि काही तासांनी पुन्हा मोजलं, तेव्हा पिशवीतलं पाणी वाढलेलं दिसलं. पुढेही अशा अभ्यासांत तेच आढळलं. आईचं रक्त थोडं पातळ झालं की वारेतून पाणी बाळाकडे सरकतं, असं त्याचं कारण सांगतात. पाणी कमी असेल तर आपणच तर सांगतो, भरपूर पाणी पी. आणि जेवण त्या पाण्यापर्यंत पोचतं हे वासानंही सिद्ध झालंय. 1995 मधल्या एका प्रयोगात गरोदर बायकांना लसणाच्या गोळ्या दिल्या, नंतर तपासणीसाठी काढलेलं गर्भजल हुंगायला दिलं, तर लसणाचा वास ओळखू आला. आपल्याकडची बाई लसणाची फोडणी घातलेलं वरण खाते, तेव्हा पोटातलं बाळ त्या फोडणीची चव घेत असतं. मग आईचं ताट आणि बाळाचं पाणी यांच्यात भिंत आहे असं कसं म्हणायचं?

साशंक : भिंत नाहीच. पण दार एका बाजूला उघडतं म्हणून ते दुसऱ्या बाजूलाही उघडेल असं नाही. पाणी कमी असताना जास्त प्यायल्यानं ते वाढतं, म्हणून पाणी जास्त असताना कमी प्यायल्यानं ते उतरेल, हा हिशेब ऐकायला सरळ आहे, पण तसं होतं हे कुणी दाखवलेलं नाही. त्या हिशेबाची किंमत मात्र मी पाहिली आहे. एकतिसाव्या आठवड्यातली एक बाई माझ्याकडे आली. एएफआय म्हणजे पाण्याचा निर्देशांक 27, म्हणजे किंचित जास्त. घरी तिला स्टीलचं फुलपात्र मोजून दिलं होतं. दिवसाला चार फुलपात्रं, त्याच्या वर थेंब नाही. चहा बंद, ताक बंद, आमटीतलं पाणी निथळून डाळ वाढायची. मीठ वर्ज्य, कारण मीठ पाणी धरून ठेवतं असं कुणीतरी सांगितलेलं. मे महिना होता. जीभ कोरडी, ओठांना भेगा, लघवीला जळजळ आणि अंगात ताप. लघवीच्या जंतुसंसर्गानं कळा लवकर सुरू होऊ शकतात, आणि पाणी जास्त असलेल्या बाईला अवेळी कळांची भीती आधीच असते. नव्या सोनोग्राफीत आकडा होता तिथेच होता. ते फुलपात्र तिनं पिशवीतून बरोबर आणलं होतं, आपण नियम पाळला हे दाखवायला.

आग्रही : तो नियम मी दिलेला नाही आणि देणारही नाही. पाणी तोडणं, मीठ तोडणं, ताक बंद करणं याला मी आहारशास्त्र म्हणत नाही. गरोदरपणात मीठ कमी केल्यानं फायदा होतो असं अभ्यासांतही दिसलेलं नाही. इथे मी तुमच्या बाजूला आहे. माझा मुद्दा साखरेचा आहे. आईच्या रक्तात साखर वाढली की ती वार ओलांडून बाळाकडे जाते. आईचं इन्शुलिन वार ओलांडत नाही. मग बाळाच्या रक्तातही साखर वाढते आणि ती बाहेर टाकताना मूत्रपिंडं पाणी ओढून नेतात. मधुमेही माणसाला वारंवार लघवीला जावं लागतं, बहुधा तसंच पोटातल्या बाळाचं होतं. मधुमेह हे पाणी वाढण्याचं नेहमीचं कारण आहे, हे तुमच्याच पुस्तकांत लिहिलंय.

आता एका बाईचं ताट बघा. दोन जिवांची म्हणून तिला प्रेमानं वाढलेलं. सकाळी दोन चमचे साखर आणि पावडर घातलेलं पेलाभर दूध, त्याबरोबर चार बिस्किटं. अकराला केळ्याचं शिकरण. दुपारी भाताचा डोंगर, त्यावर वरण, भाजी चमचाभर. चारला चहा-खारी. गुरुवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस. रात्री झोपताना खजूर घालून पुन्हा दूध. यात वाईट असं एकही नाव नाही, सगळं घरचं आहे. पण मूठभर उसळ नाही, पालेभाजी नाही आणि दिवसभर साखरेचा ओघ चालू. हे ताट बदलता येतं. भाताचा डोंगर वाटीभर करायचा, जोडीला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा चवळीचा पाला, दही, काकडी. दुधातली साखर काढायची. जेवणानंतर वीस मिनिटं चालायचं. दोन आठवड्यांत साखरेचे आकडे खाली आलेले मी पाहिलेत.

साशंक : मधुमेह सापडला असेल तर मी तुझ्याशी भांडत नाही. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनाच तसं सांगतात. पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या आत राहिली नाही तर मग औषध किंवा इन्शुलिन. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास आला. सौम्य मधुमेह असलेल्या हजार बायका होत्या. ज्यांना आहाराचा सल्ला, घरी साखर तपासणं आणि गरज पडली तर इन्शुलिन असे उपचार मिळाले, त्यांच्या बाळांतल्या गंभीर गुंतागुंती 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आल्या. एवढा फायदा हातात असताना मी आहाराला नावं कशी ठेवीन?

पण तिथे आपण मधुमेहावर उपचार करतोय. पाणी हे त्याचं एक लक्षण. प्रत्येक जास्त पाण्यामागे साखर आहे असं धरलं तर दुसरी कारणं नजरेआड होतात. अशी एक चूक माझ्या मनातून जात नाही. कुठल्या दवाखान्यातली ते सांगत नाही. पाणी वाढलेली बाई, साखरेचा रिपोर्ट चांगला. तरी सहा आठवडे तिला गोड बंद, भात बंद, मीठ कमी. दर वेळी पाणी वाढलेलं आणि दर वेळी तिलाच विचारणा, "पथ्य पाळताय ना?" ती शपथेवर सांगायची, पाळतेय. सोनोग्राफीत बाळाच्या पोटात जठराचा काळा फुगा दिसायला हवा, तो कुणी नीट शोधलाच नाही. जन्मल्यावर पहिलं दूध पाजताच बाळ गुदमरलं, निळं पडलं. त्याची अन्ननलिका मध्येच बंद होती. ते गिळूच शकत नव्हतं, म्हणून पाणी साठत होतं. आईनं सहा आठवडे सोडलेल्या भाताचा आणि त्या अन्ननलिकेचा काही संबंध नव्हता. आधी कळलं असतं तर बाळंतपण बालशल्यविशारद असलेल्या ठिकाणी झालं असतं आणि पाजण्याआधी नळी घालून बघितलं असतं.

आग्रही : हे ऐकून मला गप्प व्हावंसं वाटतं. पण दोष पथ्याचा की न शोधण्याचा? पथ्य सांगितलं म्हणून शोध थांबला असेल, तर शोध घेणाऱ्यांनी तो थांबवायला नको होता.

साशंक : थांबला तो पथ्यामुळेच. उपाय सुरू झालाय असं सगळ्यांना वाटलं की कारण शोधायची घाई राहत नाही. आणि कारणं किती आहेत बघ. आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असणं, मेंदूची वाढ न झाल्यानं गिळण्याची क्रियाच नसणं, आई-बाळाचं रक्त न जुळल्यानं किंवा जंतुसंसर्गानं बाळाला झालेला रक्तक्षय, एकाच वारेवरच्या जुळ्यांमध्ये एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाणं. पाणी जितकं जास्त, तितकी बाळात दोष असण्याची शक्यता जास्त. निर्देशांक 24-25 च्या वर गेला की जास्त म्हणतात, 35 च्या वर अतिजास्त. 36 आकडा आलेल्या बाईला आहाराचा तक्ता देऊन परत पाठवणं हा माझ्या मते अपराध आहे.

आग्रही : मान्य. पण तुम्ही आत्ता जी कारणं मोजलीत त्यातलं एक पुन्हा बघा. मेंदूची वाढच न होणं. त्याच्या मागे एक पोषणाची गोष्ट आहे. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, ज्या बायकांना आधी मेंदू-मणक्याच्या नळीचा असा दोष असलेलं बाळ झालं होतं त्यांना दिवस राहण्याआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. अशी बाळं पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. एका जीवनसत्त्वानं एवढं केलं.

आणि साखरेबाबतही मुंबईतला अनुभव आहे. तिथल्या झोपडवस्त्यांतल्या बायकांना दिवस राहण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांपासून केलेला. दुसऱ्या गटाला कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पालेभाजीचा खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेह 7.3 टक्के होता, दुसऱ्या गटात 12.4 टक्के. रोजचा एक खाऊ, ताई! त्याच्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासातही पालेभाज्या, फळं आणि दूध खाणाऱ्या आयांची बाळं मोठी दिसली होती. आपल्याच मातीत, आपल्याच ताटांवर झालेलं हे काम आहे. याला तुम्ही काय म्हणाल?

साशंक : मोलाचं काम म्हणेन. आणि त्यातला एक शब्द तुझ्याच तोंडून ऐकेन, "आधीपासून." बाळाच्या मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. पुष्कळ बायकांना तोवर पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. मुंबईतला खाऊही दिवस राहण्याआधी सुरू झाला होता, आणि त्याच अभ्यासात सगळ्या बायका मिळून पाहिलं तर बाळांच्या वजनात फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. पुण्याच्या अभ्यासात कुणाला काही खायला दिलं नव्हतं, कोण काय खातं ते फक्त टिपलं होतं. म्हणजे आहाराची शक्ती खरी, पण तिची वेळ वेगळी. बाई माझ्याकडे येते तिसाव्या आठवड्यात. त्या दिवशी तिला पालेभाजीचं महत्त्व सांगणं म्हणजे गाडी सुटल्यावर वेळापत्रक देणं.

शिवाय ज्या ताटाबद्दल आपण बोलतोय ते तिचं असतं का? ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते. भाजी संपलेली असते, भात उरलेला असतो. महिन्याचं सामान दुसरं कुणी भरतं. दूध किती घ्यायचं ते सासरे ठरवतात. तू तिला मटकीची उसळ सांगतेस, ती मान डोलावते आणि घरी जाऊन उरलेला भात खाते. पुढच्या वेळी तू तिच्या वहीत लाल शाईनं लिहितेस, "पथ्य पाळलं नाही." जी गोष्ट बाईच्या हातात आहे असं तू सुरुवातीला म्हणालीस, ती खरोखर किती बायकांच्या हातात आहे?

आग्रही : हा घाव बरोबर बसला. वहीतली ती ओळ मी लिहिलेली आहे. आता मी नवऱ्याला आणि सासूला बरोबर बोलावते आणि ताट त्यांच्यासमोर मांडते, कारण सल्ला बाईला देऊन भागत नाही, तो स्वयंपाकघराला द्यावा लागतो. पण म्हणून सल्लाच देऊ नये असं होत नाही. आणि वेळेचं म्हणाल तर हीच बाई दोन वर्षांनी पुन्हा गरोदर राहील. आजचं बोलणं तिच्या पुढच्या खेपेच्या "आधी" पडेल.

आता माझा सगळ्यात अवघड प्रश्न. जास्त पाण्याच्या निम्म्याहून जास्त बायकांत कारणच सापडत नाही. साखर चांगली, बाळ चांगलं, संसर्ग नाही. तुम्ही लिहिता, "कारण अज्ञात." पण साखर चांगली म्हणजे काय? 139 आली तर चांगली, 140 आली तर मधुमेह? 2008 मध्ये नऊ देशांतला मोठा अभ्यास आला, 23 हजारांवर बायकांचा. त्यात दिसलं की आईची साखर जशी चढते तसं बाळाचं वजन आणि बाळाच्या रक्तातल्या इन्शुलिनची खूण चढत जाते, आणि मध्ये कुठेही ठळक उंबरठा नाही. इथपर्यंत सुरक्षित आणि इथून पुढे धोका, अशी रेघ निसर्गानं मारलेली नाही, ती आपण मारली. मग "अज्ञात" म्हणून बाजूला काढलेल्या बायकांत रेघेच्या जरा अलीकडे उभ्या असलेल्या काही जणी नसतील कशावरून? त्यांचं ताट सुधारलं तर कदाचित त्यांचं पाणीही ताळ्यावर येईल.

साशंक : असतील. मी नाही म्हणत नाही. म्हणून तर पाणी वाढलं आणि बाळ मोठं दिसलं की आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी मी साखर पुन्हा तपासते. पण त्या अभ्यासानं बाळाचं वजन मोजलं, पोटातलं पाणी हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. तिथून इथपर्यंतचा पूल तू तर्कानं बांधतेस, आणि या विषयात तर्काचे पूल पूर्वीही बांधले गेलेत. 1937 मध्ये हॉलंडमधल्या द स्नू नावाच्या प्रसूतितज्ज्ञांनी पाणी वाढलेल्या बायकांच्या गर्भजलात सॅकरिन टोचलं. विचार असा की पाणी गोड लागलं की बाळ जास्त गिळेल आणि पाणी उतरेल. बरोबर निळा रंग टोचला. बाळानं गिळलेला रंग वारेतून आईच्या लघवीत उतरला की बाळ किती प्यायलं ते कळायचं. किती कल्पक! बाळाला पोटात असतानाच गोड कळतं याचा पुरावा म्हणून तो प्रयोग आजही सांगितला जातो. उपचार म्हणून मात्र तो टिकला नाही. सुंदर तर्क आणि उपयोगी उपचार या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

औषधाचंही तेच. इंडोमेथासिन दिलं की बाळाची लघवी घटते आणि पाणी उतरतं. पण त्यानं बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. अमेरिकेतल्या माता-गर्भ वैद्यक संस्थेनं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की केवळ पाणी कमी करण्यासाठी हे औषध वापरू नये. सुईनं पाणी काढायचं ते आईला श्वास घेणं किंवा सहन करणं अशक्य झालं तरच. आणि कारण न सापडलेलं किंचित जास्त पाणी असेल तर दिवस भरून कळा आपोआप येऊ द्याव्यात. यातल्या पुष्कळ बायकांत पाणी नंतर आपोआप उतरतं. आणि मग ज्यानं त्यानं सांगितलेलं पथ्य श्रेय घेऊन जातं. कुणी म्हणतं भात सोडला म्हणून, कुणी म्हणतं शहाळं सोडलं म्हणून.

आग्रही : तरी रात्री साडेआठ वाजता तिच्यासमोर ताट येणारच ना? "कारण सापडलं नाही, वाट बघू" असं सांगून तुम्ही पुढच्या पेशंटकडे वळता. तिच्या मनातली रिकामी जागा मग दुसरं कुणीतरी भरतं. शेजारीण सांगते पाणी तोड, मोबाइलवर कुणी सांगतं जवाचं पाणी पी, कुणी सांगतं फक्त फळं खा. तुम्ही ज्या फुलपात्राची गोष्ट सांगितलीत ते तिच्या हातात कुणी दिलं? आहाराचा आग्रह धरणाऱ्यांनी दिलं असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, ते आपल्या मौनानं दिलं. तिला खाण्याबद्दल काहीच न सांगणं ही तटस्थता नाही. जो पहिला बोलेल त्याचं ती ऐकणार.

साशंक : हे मी आजवर असं पाहिलं नव्हतं. खाण्याशी संबंध नाही असं सांगितलं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल असं मी धरून चालले होते. ओझं उतरतं, पण प्रश्न उरतो, आणि उरलेल्या प्रश्नाला गिऱ्हाईक मिळतं. ठीक आहे, मीही बोलेन. पण मी आधी हे सांगेन की तुझ्या खाण्यानं हे झालेलं नाही. मग सांगेन, तहान लागेल तसं पाणी पी, मीठ नेहमीएवढं घे, कुणी काही तोडायला सांगितलं तर मला विचार. आणि त्यानंतर जे जिवावर बेतू शकतं ते. दम लागला, पोट अचानक ताठ झालं, रक्त दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही. पाणी फुटलं तर उभं राहून आवराआवर करायची नाही. जास्त पाणी जोरात बाहेर पडताना नाळ आधी सरकून दाबली जाऊ शकते. कुशीवर झोपायचं, तसंच गाडीत झोपवून दवाखान्यात आणायचं. बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी करायचं, कारण ताणलेली पिशवी नंतर नीट आकसली नाही तर जास्त रक्तस्राव होतो. बाईला एकदाच बसवून सांगायला दहा मिनिटं मिळणार असतील, तर त्यातली आठ मी यावर घालवेन.

आग्रही : आणि उरलेली दोन मला द्या. त्यात मी तिला "पाणी उतरेल" असं वचन देणार नाही, हे आता मी शिकले. मी सांगेन, हे जेवण पाण्यासाठी नाही, तुझ्यासाठी आणि बाळासाठी आहे. भाकरी, उसळ, पालेभाजी, दही, साखर कमी. पाणी उतरलं नाही तरी यातलं काही वाया जात नाही.

साशंक : वचन न देता सांगितलंस तरी तिला ते वचनच ऐकू येईल, अशी मला अजून भीती आहे. पुढच्या सोनोग्राफीत आकडा वाढला की ती पुन्हा स्वतःलाच विचारेल, कालचा लाडू खायला नको होता का?

आग्रही : आणि मला अजून ही भीती आहे की "अज्ञात" लिहिलेल्या त्या निम्म्याहून जास्त बायकांतल्या काही जणींना वेळेवर सांगितलं असतं तर उपयोग झाला असता, आणि आपण पुरावा नाही म्हणून गप्प बसलो.

साशंक : या दोन्ही भीती खऱ्या आहेत. आज तरी त्यातली एक निवडता येईल एवढं कुणाला ठाऊक नाही. केसपेपरवर काय लिहायचं तेवढं ठरवू या. पहिली ओळ माझी : कारण शोधलं का? साखर पुन्हा तपासली का, बाळाचं जठर दिसलं का, रक्तगट पाहिला का. या तिन्हींपुढे तारीख पडल्याशिवाय आहाराचा रकाना भरायचा नाही.

आग्रही : दुसरी ओळ माझी : पाणी आणि मीठ तोडायचं नाही. आणि तिसरी आपण दोघी मिळून लिहू, मोठ्या अक्षरांत, घरी नेऊन सासूला आणि नवऱ्याला वाचून दाखवता येईल अशी : यात आईची चूक नाही.